कोकमाच्या सोळा बाटल्या

मी एकदा सौदी अरेबियात, मुलींच्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर, दारू विकली. निदान तास-दीड तास तरी माझी तशी पक्की खात्री होती.

ही खात्री मला करून दिली माझ्या धाकट्या दिरांनी, श्रीरंग भाऊजींनी. भाऊजी अमेरिकेत असतात. त्यांच्याबद्दल दुसरं काहीही सांगितलं नाही तरी चालेल, कारण ते स्वतःही पहिल्या दोन मिनिटांत एवढंच सांगतात. दहा दिवसांच्या व्हिसावर ते आमच्याकडे जेद्दाला आले, तेव्हा त्यांच्या दोन बॅगांपैकी एकीत फक्त टी-शर्ट होते. सगळे एकाच रंगाचे आणि प्रत्येकाच्या छातीवर त्यांच्या मुलाच्या कॉलेजचं नाव. रोज नवा टी-शर्ट, पण बघणाऱ्याला वाटावं की माणूस दहा दिवस कपडे बदलत नाहीये.

मी सुषमा, माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीत. जेद्दातल्या एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची पर्यवेक्षक आहे. म्हणजे शिकवतात दुसऱ्या बायका. मी बाटल्यांवर लेबलं लावते आणि ज्या मुली लावत नाहीत त्यांना ओरडते. माझा नवरा नितीन बंदरावरच्या एका मालवाहतूक कंपनीत आहे. कंटेनर येईपर्यंत काळजी करायची नाही आणि आल्यावर करून उपयोग नाही, अशा विचारांचा माणूस. एकोणीस वर्षं आम्ही इथे सरळ मार्गाने राहिलो होतो. मग भाऊजी आले.

भाऊजींचा मुलगा ज्या कॉलेजात आहे, तिथे म्हणे एवढं मोठं स्टेडियम आहे की अख्खी रत्नागिरी आत बसवून वर चिपळूणला जागा उरेल. (अंदाज भाऊजींचा. मी मोजलेलं नाही.) दर शनिवारी तिथे फुटबॉल असतो. हा फुटबॉल हाताने खेळतात. यावर नितीनने एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर पाऊण तास चाललं होतं. पण भाऊजींचा आवडता विषय खेळ नव्हता. आवडता विषय होता बिअर.

"पूर्वी कॉलेजच्या स्टेडियममध्ये आत बिअर मिळायची नाही," भाऊजी पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाले. "मग पोरं काय करायची? पार्किंगमध्ये डिकी उघडी टाकून सकाळपासून सुरू. आत येईपर्यंत निम्म्यांना आपली टीम कुठली हेही आठवायचं नाही. मग कॉलेज शहाणं झालं. आतच विकायला लागलं. ओळखपत्र बघतात, मनगटाला पट्टा बांधतात, ग्लास हातात देतात. आता पोरं कशी शिस्तीत रांगेत उभी असतात."

"म्हणजे पोरांनी पिऊ नये म्हणून कॉलेजने दारूचं दुकान टाकलं," नितीन म्हणाला.

"तुला कळणार नाही, दादा. हे धोरण आहे."

भाऊजींनी हे अशा आवाजात सांगितलं, जणू तो ठराव त्यांनीच मांडला होता. वास्तविक भाऊजींचा आणि कुठल्याही खेळाचा संबंध शाळेतच संपला. शाळेच्या कबड्डी संघात त्यांना घेतलं होतं ते गुण लिहायला, आणि तेही त्यांनी उलटे लिहिल्यामुळे हरलेल्या शाळेने अर्ध्या गावातून मिरवणूक काढली होती.

तीन दिवस हे ऐकल्यावर चौथ्या दिवशी मी चूक केली. मी म्हणाले, "भाऊजी, गुरुवारी आमच्या कॉलेजची पण मॅच आहे. आमच्या मुली आणि दुसऱ्या कॉलेजच्या मुली. स्टाफच्या घरच्यांना बोलावलंय. तुम्ही या."

"वा. आणि प्यायला काय असतं?"

"पाणी. लबान. ज्यूसचे डबे."

भाऊजी हसले. मोठ्याने नाही. नाकातून, एकदाच. लबान म्हणजे ताक, हे त्यांना नितीनने समजावल्यावर ते दुसऱ्यांदा हसले.

माणसाने मोठमोठे अपमान गिळावेत आणि अशा एखाद्या नाकातल्या हसण्यावर घसरावं, हे माझ्या स्वभावात आहे. मॅचच्या खाण्यापिण्याच्या टेबलाची जबाबदारी माझ्याकडेच होती. "ते नेहमीचं असतं," मी म्हणाले. "यंदा मी खास पेय करतेय. फसफसणारं. कोकम आणि आल्याचं. पिऊन बघा आणि मग तुमच्या बिअरचं सांगा."

असं काही पेय अस्तित्वात नव्हतं. ते मला त्या रात्री मोबाईलवर एका बाईच्या व्हिडिओत सापडलं. आलं ठेचून गुळाच्या पाण्यात उकळायचं, त्यात हवं ते सरबत घालायचं, चिमूटभर यीस्ट टाकायचं, बाटलीत गच्च बंद करून दोन दिवस उबेला ठेवायचं. की नैसर्गिक फेस तयार. बाई फार गोड बोलत होती. कोकमाचं आगळ माझ्याकडे घरचं होतं, गूळ आणि आलं शरफिया भागातल्या आपल्याकडच्या दुकानात मिळतं, आणि यीस्टचं पाकीट फ्रिजच्या दारात होतंच.

आता इथे वाचकांच्या मनात जो प्रश्न येतोय, तो माझ्या मनात यायला हवा होता. मी एम.एस्सी. आहे. यीस्ट आणि साखर एकत्र ठेवली की काय होतं, हा प्रयोग पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी दरवर्षी मीच मांडून देते. बाटलीच्या तोंडाला फुगा लावतो, फुगा फुगतो, मुली टाळ्या वाजवतात. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहिते. एक, कार्बन डायऑक्साइड. दुसरा, अल्कोहोल. नऊ वर्षं लिहितेय. पण प्रयोगशाळेत अंगावर पांढरा कोट असतो आणि स्वयंपाकघरात गाऊन. गाऊनमध्ये मला फक्त पहिला शब्द आठवला.

दीड लिटरच्या सोळा बाटल्या भरल्या. स्वयंपाकघरामागे आमची एक अडगळीची खोली आहे. तिथे एसी नाही, त्यामुळे जेद्दात जी ऊब आपोआप मिळते ती तिथे भरपूर असते. बाटल्या ओळीने उभ्या केल्या. एकाही बाटलीवर लेबल लावलं नाही.

गुरुवारी दुपारी बाटल्या बाहेर काढल्या. पहिलीचं झाकण फिरवलं आणि अशी काही झकास 'फुस्स' आली की मी नितीनकडे अभिमानाने पाहिलं. नितीनने पटकन खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, कौतुक लपवतोय.

भाऊजींना अर्धा ग्लास दिला. त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. डोळे उघडून माझ्याकडे फार वेगळ्या नजरेने बघितलं, जसं त्यांनी लग्नानंतरच्या बावीस वर्षांत माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आदराने.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

"मग. सांगितलं होतं ना."

"बोलू नका. काही बोलू नका. मी गाडीत ठेवतो बाटल्या."

जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून बेसिनपर्यंत न नेणारा माणूस सोळा बाटल्या दोन मजले उतरवून गाडीत ठेवतो, हे बघून कोणालाही संशय आला असता. मला आला नाही. मी कौतुकाने पुरती फुगले होते.

मॅच दुपार कलल्यावरच्या, अस्रच्या नमाजानंतर सुरू झाली. मैदानाच्या एका बाजूला पायऱ्या, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला माझं टेबल, खाली पहिल्या रांगेत खुर्च्या आणि त्यांत आमच्या डीन मॅडम आणि दुसऱ्या कॉलेजच्या पाहुण्या. डीन मॅडम सौदी आहेत, फार शिकलेल्या आणि अतिशय मोजून बोलणाऱ्या. माझ्याशी त्या वर्षातून दोनदा बोलतात. एकदा ईदला शुभेच्छा देतात आणि एकदा प्रयोगशाळेत काय फुटलं ते विचारतात.

त्या दिवशी त्या स्वतः टेबलापाशी आल्या. एक कप प्यायल्या. मग पाहुण्यांसाठी ट्रे मागवला, आणि स्वतः दुसरा कप घेतला. "हे कशाचं आहे?" त्यांनी विचारलं. मी कोकमावर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी 'माशाल्लाह' म्हटलं. गेटवरच्या सुरक्षा प्रमुख उम्म खालिद, ज्यांनी आजवर माझी पर्स तपासल्याशिवाय मला आत सोडलेलं नाही, त्यासुद्धा दोन कप घेऊन गेल्या. टेबलासमोर रांग लागली. नितीन कुपनं फाडत होता, मी कप भरत होते, आणि मला राहून राहून वाटत होतं की नोकरी सोडून हाच धंदा करावा.

मध्यंतराच्या जरा आधी भाऊजी पायऱ्या चढून आले. सरळ नाही. थोडे डावीकडून. हा त्यांचा सहावा की सातवा कप असावा. तोपर्यंत ते वरच्या पायरीवरून दोन्ही हात पसरून त्यांच्या मुलाच्या कॉलेजची घोषणा देत होते, जिच्याशी मैदानावरच्या बावीस मुलींपैकी एकीचाही संबंध नव्हता. पण ते अमेरिकेहून आलेत म्हटल्यावर लोकांनी समजून घेतलं होतं.

ते टेबलावर वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "किती टक्के?"

"काय किती टक्के?"

"अहो, माझ्यापासून काय लपवता. मी दुपारीच ओळखलं. पाचच्या खाली नाही हे. आमच्या स्टेडियमपेक्षा कडक आहे. आणि हे तुम्ही इथे, सौदीत, डीनला पाजलंत." त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "वहिनी, हिंमत लागते."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फळा उभा राहिला. त्यावर माझ्याच अक्षरात दोन शब्द होते. या वेळी मला दुसरा वाचता आला.

मी कप उचलला आणि एका दमात संपवला. (हा शास्त्रीय तपास होता.) घशातून काहीतरी गरम उतरलं. कान तापले. गुडघ्यांत एक विचित्र सैलपणा आला. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या बाईला दारू चढल्यावर जे जे होत असेल असं मला वाटत होतं, ते सगळं मला पंधरा सेकंदांत झालं.

"नितीन," मी ओठ न हलवता म्हणाले, "आपण दारू विकतोय."

नितीनने कुपन फाडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "किती उरलीय?"

"तुला प्यायचीय?"

"अगं, किती बाटल्या लपवायच्यात ते विचारतोय."

पाच उरल्या होत्या. शिवाय टेबलावर भरलेले पन्नासेक कप. मी खाली बघितलं. डीन मॅडम पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. या कॉलेजातल्या अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. गेटपाशी उम्म खालिद जांभई देत होत्या. मैदानावर आमच्या कॅप्टनने रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारला. या मुलीने खेळाआधी एक कप घेतला होता. जिकडे बघावं तिकडे पुरावे होते.

पुढचं सगळं मला एकदम दिसलं. पोलीस, चौकशी, इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना रद्द, विमानतळ, आणि रत्नागिरीच्या घराच्या अंगणात बॅगा घेऊन उभी असलेली मी. एकोणीस वर्षं नोकरी केलेली माणसं परत का आली, असं लोक विचारतात. मंदी आली, कंपनी बंद पडली, आईची तब्येत बिघडली, अशी उत्तरं असतात. माझं उत्तर काय असणार होतं? मुलींच्या कॉलेजात गावठी पाजली.

"बंद करू या," नितीन म्हणाला. "संपलं म्हणून सांग."

मी मोठ्याने म्हणाले, "खलास. खलास."

रांगेतल्या पंचवीस-तीस मुलींनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पन्नास भरलेल्या कपांकडे पाहिलं. एकीने शांतपणे हात पुढे करून कप घेतला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. तिने दुसरा घेतला. तोही काढून घेतला. तिसऱ्या कपाला मला कळलं की आता एकच मार्ग आहे.

मी टेबल पाडलं.

म्हणजे पाडायला गेले. ते मजबूत होतं. पहिल्या धक्क्याला हललंही नाही. दुसऱ्याला दोन कप पडले आणि मुलींनी मला सावरायला हात पुढे केले. शेवटी नितीन टेबलाखाली वाकला, कंटेनर उतरवताना देतात तशी "यल्ला" म्हणून हाक दिली आणि आम्ही दोघांनी मिळून ते उलटं केलं.

ज्याने कोकम पाहिलंय, त्याला त्याचा रंग माहीत आहे. पांढऱ्या पायऱ्यांवरून ते लालभडक पाणी पायरी पायरी करत खाली उतरलं, पाहुण्यांच्या खुर्च्यांखालून गेलं आणि मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर पसरलं. खाली बसलेल्यांना वर काय झालं ते दिसलं नव्हतं. त्यांना फक्त वरून लाल ओघळ येताना दिसला. कोणीतरी किंचाळलं. रेफ्रीने शिट्टी वाजवून खेळ थांबवला. प्रथमोपचारवाल्या दोन मुली स्ट्रेचर घेऊन धावल्या, आणि पायऱ्यांवर जखमी माणूस शोधू लागल्या.

तो त्यांना लगेच मिळाला. श्रीरंग भाऊजी वहिनीच्या मदतीला धावताना कोकमावरून घसरले, आठ पायऱ्या बसल्या बसल्या उतरले आणि पाहुण्यांच्या पायाशी येऊन पोचले. टी-शर्ट लाल, पँट लाल, हातात रिकामा कप. मुलींनी त्यांना उचलून स्ट्रेचरवर घातलं. त्यांनी आडवं पडल्या पडल्या पुन्हा कॉलेजची घोषणा सुरू केली.

मी मागे धावले. कॉलेजच्या दवाखान्यात एक फिलिपिनो नर्स असते, शांत आणि हुशार. तिने भाऊजींना पालथं केलं, उताणं केलं, रक्त कुठून येतंय ते शोधलं, बोट लावून वास घेतला.

"सर, काय झालं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"काही नाही," भाऊजी प्रसन्नपणे म्हणाले. "थोडी घेतलीय फक्त."

"ज्यूस," मी म्हणाले. "ज्यूस घेतलाय. थोडा ज्यूस. जास्त ज्यूस."

नर्सने भाऊजींचं ब्लडप्रेशर घेतलं. ते ठीक होतं. साखर तपासली. ती बरीच वर होती. "यांना आता गोड देऊ नका," एवढंच ती म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून तिला सगळं कळलंय आणि ती आता कोणाला तरी फोन करणार, असं मी ठरवून टाकलं.

नितीनला भाऊजींपाशी बसवलं आणि मी परकार मॅडमना शोधायला निघाले. परकार मॅडम आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. श्रीवर्धनच्या. हज-उमऱ्याचे प्रवासी नेणारी त्यांच्या घरची पेढी होती, म्हणून लहानपणापासून जेद्दात येऊन-जाऊन. वयाने माझ्याहून मोठ्या, पाच वेळच्या नमाजी, आणि कॉलेजात मराठीत बोलता येईल अशी माझी एकुलती एक जागा. त्या पायऱ्यांच्या कडेला बसल्या होत्या. माझी एक बंद बाटली घरंगळत त्यांच्या पायाशी गेली होती आणि त्यांनी ती उचलून मांडीवर ठेवली होती.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मध्येच रडले. परकार मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं.

"यीस्ट घातलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"गुळात."

"हो."

"आणि पहिल्या वर्षाला हेच शिकवतेस."

"मॅडम, मी स्वतः डीनकडे जाऊन कबूल करते. कोणीतरी सांगण्याआधी."

"गप बस गो. आधी बघू तरी काय आहे ते. मग जा तुरुंगात, घाई काय आहे?" त्यांनी मांडीवरची बाटली उचलली. "मगरिब होऊ दे. मग लॅब उघड."

सूर्यास्ताच्या नमाजानंतर आम्ही प्रयोगशाळेत गेलो. परकार मॅडमनी बाटलीतलं पाणी चंबूत ओतलं, खाली आच लावली, वाफ थंड होऊन पलीकडे थेंब थेंब जमू लागली. दारू असली तर ती या थेंबांत आधी येते. मग ते थेंब संत्र्याच्या रंगाच्या एका रसायनात घालायचे. दारू असेल तर रंग हिरवा होतो. एवढं सोपं. माझ्यासमोर कोणीतरी माझ्याच शिक्षेचा कागद थेंबाथेंबाने टाइप करत होतं.

तिसऱ्या-चौथ्या थेंबाला दार उघडलं आणि डीन मॅडम आत आल्या. त्यांच्या अबायाच्या कडेला लाल डाग होता. त्यांनी चंबू बघितला, पेटलेली आच बघितली, माझा चेहरा बघितला.

"टेबल कसं पडलं ते विचारायला आले होते," त्या म्हणाल्या.

परकार मॅडमनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं, म्हणजे बोलू नकोस. मी बोलले. इंग्रजीत सुरू केलं, भीतीने हिंदीत गेले, काही अरबी शब्द टाकले, शेवटचं वाक्य मराठीत झालं. पण मुद्दा पोचला. मी मॅडमना, त्यांच्या पाहुण्यांना, उम्म खालिदना आणि शंभरेक मुलींना दारू पाजली होती, आणि पुरावा नष्ट करायला टेबल पाडलं होतं.

डीन मॅडम एक स्टूल ओढून बसल्या. आम्ही तिघी त्या नळीच्या टोकाकडे बघत राहिलो. एक थेंब पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. माझे कान अजून तापलेलेच होते.

पुरेसे थेंब जमल्यावर परकार मॅडमनी ते संत्र्याच्या रंगात घातले, नळी गरम केली, दिव्यासमोर धरली.

रंग संत्र्याचाच राहिला.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा संत्रं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "यीस्ट कधी घातलंस?"

"गुळाचं पाणी उकळल्यावर."

"गार झाल्यावर?"

मी आठवून बघितलं. गार झाल्यावर नाही. उकळी फुटत असतानाच. गाऊनमध्ये, घाईत, चमच्याने.

"मेलं ते तिथेच," परकार मॅडम म्हणाल्या. "तू दारू नाही केलीस. तू यीस्टचा काढा केलास."

"पण फेस? बाटली उघडल्यावर फुस्स आलं होतं."

त्याच वेळी भाऊजींना गाडीत बसवून नितीन मला बोलवायला आला होता आणि दारात उभा होता. त्याने घसा साफ केला. "ते मी केलं," तो म्हणाला. "बुधवारी तू कॉलेजात होतीस तेव्हा एक बाटली उघडून बघितली. काही गॅस नव्हता. नुसतं सरबत. तू श्रीरंगसमोर एवढं बोलून बसलेलीस. म्हणून मी प्रत्येक बाटलीतलं थोडं काढलं आणि वरून दुकानातला सोडा घातला."

"आणि मैदानावर हे सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, दारूही झाली असेल आणि सोडाही असेल. शिवाय तू इतकी चिडलेलीस. म्हटलं, आधी दारूचं मिटू दे, मग सोड्याचं सांगू."

डीन मॅडमसाठी परकार मॅडमनी हे सगळं अरबीत सांगितलं. ऐकून झाल्यावर डीन मॅडमनी फक्त एकदा खात्री करून घेतली.

"म्हणजे पेय चांगलं होतं."

"हो, मॅडम."

"हलाल होतं."

"हो, मॅडम."

"आणि ते तू माझ्या पाहुण्यांच्या अंगावर ओतलंस."

त्या उठल्या, दारापाशी थांबल्या, त्या लाल डागाकडे बघितलं. "आणि मी हसत होते," त्या म्हणाल्या, "कारण त्या वर ओरडणाऱ्या माणसाबद्दल मी पाहुण्यांना सांगत होते की हा आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा नातेवाईक आहे."

घरी जाताना आम्ही भाऊजींना खरं काय ते सांगितलं. मागच्या सीटवर ते आडवे झाले होते. आलं, गूळ, कोकम आणि सोडा, असं मी चारदा म्हणाले. त्यांनी चारदा मान हलवली. "वहिनी, मला शिकवू नका," ते म्हणाले. "मी पंचवीस वर्षं घेतोय. चढली की नाही ते मला कळतं." दुसऱ्या दिवशी ते दुपारपर्यंत उठले नाहीत. उठल्यावर डोकं धरून बसले आणि लिंबूपाणी मागितलं. आल्याच्या सरबताचा हँगओव्हर आलेला हा जगातला एकमेव माणूस आमच्या सोफ्यावर बसला होता, आणि मला त्याला हसताही येईना. कारण माझे गुडघे त्याच्याआधी सैल झाले होते, तेही एका कपात.

भाऊजी अमेरिकेला परत गेले. जाताना वाट वाकडी करून चार दिवस रत्नागिरीला आईकडे थांबले. तिथे त्यांनी, त्यांच्या पद्धतीने, सगळं सांगितलं. वहिनी घरी गाळते. वहिनी कॉलेजात विकते. वहिनीने सौदीच्या मोठ्या बाईला पाजली आणि बाई खूश झाली. यात सगळ्यात वाईट हे की ते हे कौतुकाने सांगत होते.

सासूबाईंचा फोन शुक्रवारी आला. नेहमी त्या हवापाण्यावरून सुरू करतात. त्या दिवशी म्हणाल्या, "सुषमा, नितीनच्या पगारात भागत नाही का गो?"

मी त्यांना पहिल्यापासून सगळं समजावलं. यीस्ट, उकळी, सोडा, संत्र्याचा रंग. पलीकडून नुसतं 'हं'. मी म्हणाले, "आई, मी एम.एस्सी. आहे. मी असं कशाला करीन?" पुन्हा 'हं'. शिक्षण, नोकरी, चारित्र्य, बावीस वर्षांचा संसार, एकेक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. कशानेच काही होईना. शेवटी रडवेली होऊन मी म्हणाले, "अहो आई, दारू झालीच नाही हो. मला जमलीच नाही. माझ्या हातून ते आंबलंच नाही."

"हां," सासूबाई लगेच म्हणाल्या, "हे मात्र पटलं. तुझं दही मी खाल्लंय."